दोन दिवस, सोबत मित्र आणि सिनेसंगीताची खरेदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवार पुरतो का?

शहर एकच असेल आणि दुकानांची यादी आवरती असेल, तर पुरतो. सिनेसंगीत बऱ्यापैकी असलेलं एक दुकान नीट चाळायला दीड-दोन तास सहज जातात. शनिवारी तीन दुकानं आणि रविवारी एक-दोन, यापुढे जाऊ नका. त्यानंतर डोळे शिणतात, बोटं धुळीने काळी होतात, आणि माणूस एक तर काहीच घेत नाही किंवा हाताला लागेल ते घेतो.

निघण्याआधी प्रत्येक दुकानात फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या. रविवारी उघडं असतं का, आणि सिनेसंगीत वेगळं लावलेलं आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, सगळं एकत्रच आहे’ असं आलं, तर त्या दुकानाला दुप्पट वेळ धरा. सिनेमाच्या रेकॉर्ड कधी संगीतकाराच्या नावाखाली, कधी गायकाच्या, तर कधी ‘इतर’ नावाच्या खोक्यात जमिनीवर पडलेल्या असतात. खरं सांगायचं तर चांगला माल त्या जमिनीवरच्या खोक्यातच निघतो, फक्त गुडघे शाबूत हवेत.

एक शनिवार मात्र टाळा. २००८ पासून दर वर्षी, सहसा एप्रिलमध्ये, ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो. त्या दिवशी खास काढलेल्या मर्यादित आवृत्त्यांसाठी रांगा लागतात. तुम्हाला त्याच हव्या असतील तर जरूर जा. पण जुन्या मालात शांतपणे बोटं फिरवायची असतील, तर तो दिवस कामाचा नाही.

कुठल्या दुकानापासून सुरुवात करावी?

जुना, वापरलेला माल ठेवणाऱ्या दुकानापासून, शनिवारी सकाळी उघडल्या उघडल्या. जुन्या मालाची एकेकच प्रत असते. नव्या आवृत्त्या विकणारं चकचकीत दुकान रविवारी दुपारी केलं तरी चालतं, कारण तिथली रेकॉर्ड गेली तर ते दुसरी मागवून देतात.

मैत्रीण सोबत येतेय, पण तिला रेकॉर्डमध्ये अजिबात रस नाही. तिला ओढत नेऊ का?

तिला रेकॉर्डमध्ये रस नसला तरी चालेल, सिनेमात आहे ना? मग न्या. रस नसलेला माणूस दुकानात फार उपयोगी पडतो. तुम्ही एखाद्या कव्हरकडे भान हरपून बघत असता, तेव्हा ‘पण ही वाकडी दिसतेय’ असं तीच सांगते. शिवाय मागच्या बाजूचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं काम तिच्याकडे द्या. ते काम किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

पण तिसऱ्या दुकानाच्या दारात तिला बाहेर बाकावर बसवून ‘दहा मिनिटांत आलो’ म्हणू नका. ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात. त्यापेक्षा शनिवारची संध्याकाळ तिच्या पसंतीची, असं आधीच ठरवून टाका आणि पाळा.

दोघांनाही एकच रेकॉर्ड हवी असेल तर?

ज्याच्या हातात आधी आली त्याची, हा दुकानातला सर्वमान्य नियम आहे. पण मित्रांमध्ये तो कडवटपणा आणतो. आम्ही पाळतो ती पद्धत अशी: निघण्याआधी दोघांनी आपापली तीन नावं एकमेकांना सांगायची. त्या नावांवर पहिला हक्क ज्याचा त्याचा, मग ती कोणाच्याही हाती लागो. बाकी सगळं मोकळं रान. दोघांच्या तीन नावांत एक नाव सारखं निघालं, तर नाणं उडवा, आणि ते गाडीत बसल्यावर उडवा, दुकानात उडवू नका.

दोघांनी मिळून एक रेकॉर्ड विकत घेण्याच्या फंदात पडू नका.

यादी करून जावं की जे मिळेल ते बघावं?

छोटी यादी करा, पण सिनेमाच्या नावांपुढे थांबू नका. प्रत्येक नावापुढे लिहा की तुम्हाला त्यातलं नेमकं काय हवंय: गाणी, पार्श्वसंगीत की संवाद. आणि तुमच्याकडे आधीच काय आहे तेही लिहून ठेवा. तीच सीडी दुसऱ्यांदा घेणारे लोक वाटतात त्यापेक्षा बरेच असतात.

‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ असं छापलंय. म्हणजे आत सिनेमातलंच संगीत असणार ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. कव्हरवर सिनेमाचं नाव आणि पोस्टर असतं, म्हणून आपण सिनेमा विकत घेतोय असं वाटतं. प्रत्यक्षात आपण एक ध्वनिमुद्रण विकत घेत असतो, आणि ते कोणाचं, कधीचं, कशासाठी केलेलं हे फक्त मागच्या बाजूला कळतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘ब्लेड रनर’चं. सिनेमा आला १९८२ मध्ये, संगीत व्हँजेलिसचं, जवळपास सगळं सिंथेसायझरवरचं. त्याच वर्षी बाजारात त्या नावाची जी रेकॉर्ड आली, तिच्यात व्हँजेलिस वाजवतच नव्हता. ‘न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्रा’ने वाद्यवृंदासाठी केलेलं ते रूपांतर होतं. व्हँजेलिसची स्वतःची आवृत्ती यायला १९९४ उजाडलं. आजही जुन्या खोक्यात १९८२ची एलपी दिसते आणि लोक झडप घालतात. घ्यायला हरकत नाही, पण काय घेतोय ते माहीत असू द्या.

दुसरा प्रकार संगीतकाराने स्वतःच नंतर पुन्हा वाजवून घेतलेल्या संगीताचा. ‘सायको’ १९६० चा, पण त्याच्या संगीताची बर्नार्ड हर्मनने स्वतः संचालन केलेली रेकॉर्ड १९७५ ची. लंडनच्या नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने वाजवलेली ती आवृत्ती सिनेमातल्यापेक्षा बरीच संथ आहे. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाची लय डोक्यात पक्की बसलेली असेल, तर ही ऐकताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. तरी ती माझ्या मते घेण्यासारखी आहे, कारण व्हायोलिनांची आणि चेलोंची घासघीस तिच्यात जास्त सुटी ऐकू येते.

तिसरा प्रकार, संगीतकाराच्या हयातीत किंवा नंतर दुसऱ्याच कोणीतरी केलेलं पुनर्ध्वनिमुद्रण. हा प्रकार वाईटच असतो असं मुळीच नाही. १९७२ पासून संचालक चार्ल्स गेरहार्टने आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी जुन्या हॉलिवुड संगीताची जी मालिका केली, ती अनेक बाबतींत मूळ ध्वनिमुद्रणांपेक्षा ऐकायला सरस आहे. मूळ फिती मोनो होत्या, काही खराब झालेल्या होत्या, आणि इथे उत्तम स्टिरिओ होतं. मागे ‘सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिक’ हे नाव आणि जुन्या सिनेमाचं शीर्षक एकत्र दिसलं, तर तेही बहुधा पुनर्ध्वनिमुद्रणच समजावं.

आणि एक प्रकार शब्दांत पकडायचा: ‘म्युझिक फ्रॉम अँड इन्स्पायर्ड बाय’. यातलं शेवटचं ‘इन्स्पायर्ड बाय’ म्हणजे काही गाणी सिनेमात वाजतच नाहीत. नव्वदच्या दशकात या अल्बमांचं पीक होतं. १९८९ च्या ‘बॅटमॅन’चे तर दोन वेगळे अल्बम निघाले, एक प्रिन्सच्या गाण्यांचा आणि एक डॅनी एल्फमनच्या पार्श्वसंगीताचा. दोन्हींवर वटवाघळाचं तेच चिन्ह. घाईत चुकीचा उचलला जातो तो असा.

थोडक्यात, रेकॉर्ड उचलली की उलटी करा. ‘संचालन कोणाचं’ आणि ‘वाद्यवृंद कुठला’ या दोन ओळी शोधा. वर्तुळातला ‘पी’ आणि त्यापुढचं साल बघा. ते साल ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचं असतं. वर्तुळातल्या ‘सी’चं साल छपाई आणि चित्रांचं. सिनेमाचं साल आणि ‘पी’चं साल यांत मोठं अंतर असेल, तर एक तर हे संगीत तेव्हा निघालंच नव्हतं किंवा ते पुन्हा वाजवलेलं आहे.

जुन्या हिंदी सिनेमांच्या बाबतीतही असं असतं का?

असतं, पण त्याचं रूप वेगळं आहे. तिथे गाणं गायक-संगीतकाराचंच असतं, बदलते ती लांबी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची. सिनेमात तीन अंतऱ्यांचं असलेलं गाणं तबकडीवर दोन अंतऱ्यांत उरकायचं, नाही तर दोन बाजूंना ‘भाग १’ आणि ‘भाग २’ असं तोडून द्यायचं. कव्वाल्यांचं हमखास असं झालेलं आहे. पुढे एलपी निघाल्या तेव्हा त्यांच्यावर हीच छोटी रूपं गेली. त्यामुळे लहानपणी थिएटरात किंवा टीव्हीवर ऐकलेला तिसरा अंतरा रेकॉर्डवर सापडत नाही, आणि आपल्याला वाटतं की आपलीच आठवण दगा देतेय. आठवण बरोबर असते. कधी कधी तर सिनेमासाठी आणि रेकॉर्डसाठी गाणं वेगवेगळं ध्वनिमुद्रित झालेलं असतं आणि मधले संगीताचे तुकडेही निराळे असतात.

पार्श्वसंगीताच्या बाबतीत हिंदी सिनेमाने ऐकणाऱ्याला फारसं काही दिलंच नाही. गाणी विकली जायची, बाकीचं कोणी छापत नसे. त्यातल्या त्यात संवादांच्या रेकॉर्ड ही आपल्याकडची खास चीज. १९७५ च्या ‘शोले’चे संवाद पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीने काढले आणि ते गाण्यांच्याही वर गाजले. या संवादांच्या रेकॉर्डमध्ये माणसांच्या बोलण्यामागे पार्श्वसंगीताचे तुकडे ऐकू येतात, आणि पुष्कळ सिनेमांच्या बाबतीत आपल्या हाती पार्श्वसंगीत येतं ते एवढंच. म्हणून संवादांची रेकॉर्ड ‘गाणी नाहीत’ म्हणून परत ठेवू नका.

कॅसेटच्या बाबतीत जरा डोळ्यांत तेल घालून बघा. ऐंशीच्या दशकात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या ‘व्हर्जन’ कॅसेटांचा सुळसुळाट झाला होता. वर सिनेमांची नावं ठळक, आणि गाणाऱ्याचं नाव इतकं बारीक की चष्मा काढून पुसावा लागतो. एका बाजूला एक सिनेमा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा अशा एलपीही भरपूर मिळतात. त्यांच्यात दोन्ही सिनेमांची काही गाणी गाळलेली असू शकतात, म्हणून गाणी मोजून घ्या.

एलपी घ्यावी, सीडी की कॅसेट?

गाण्यांसाठी आणि हातात धरण्याच्या सुखासाठी एलपी. पार्श्वसंगीतासाठी सीडी, आणि यावर मी ठाम आहे. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्यामुळे दोन तासांच्या सिनेमाचं संगीत तिच्यावर आलं की कापलेलंच असतं. सीडीवर ७४ मिनिटं मिळाली तरी सुरुवातीच्या काळात फायदा घेतला गेला नाही, कारण अमेरिकेत वादकांच्या संघटनेच्या नियमांनुसार सिनेमासाठी वाजवलेलं संगीत अल्बमवर घ्यायचं तर पुन्हा मानधन द्यावं लागायचं. जितकी मिनिटं जास्त तितका खर्च जास्त. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कितीतरी सीडी म्हणूनच जेमतेम अर्ध्या तासाच्या आहेत.

पुढे इन्ट्राडा, ला-ला लँड, व्हारेज साराबांद या रेकॉर्ड कंपन्यांनी आणि ‘फिल्म स्कोअर मंथली’ मासिकाने त्याच सिनेमांची संपूर्ण संगीतं काढली, एक ते तीन हजार प्रतींच्या आसपासच्या मर्यादित आवृत्त्यांत. म्हणजे एकाच सिनेमाच्या दोन सीडी खणात शेजारी असतील, तर आधी मिनिटं बघा. लांब असलेली घ्या आणि छोटी सोडा, अशी माझी सरधोपट सूचना आहे. अपवाद आहेत. काही संगीतकार अल्बमसाठी तुकड्यांचा क्रम फार विचाराने लावतात, आणि तो अर्धा तास पूर्ण संगीतापेक्षा ऐकायला गोड लागतो.

कॅसेट फक्त दुसरीकडे कुठेच न मिळणाऱ्या गोष्टीसाठी.

दुकानात रेकॉर्ड वाजवून बघायला मिळाली नाही, तर कशी पारखायची?

बहुतेक वेळा डोळ्यांनीच पारखावी लागते, आणि दोघं असण्याचा इथे खरा फायदा होतो. एकाने रेकॉर्ड धरायची, दुसऱ्याने फोनचा टॉर्च. छतावरच्या ट्यूबच्या प्रकाशात सगळ्याच रेकॉर्ड सुंदर दिसतात.

रेकॉर्ड पाकिटातून काढताना तळवा कडेला आणि बोटं लेबलावर, खाचांना हात लावायचा नाही. टॉर्च तिरका धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. केसासारख्या बारीक रेषा चमकून नाहीशा होत असतील, तर ते पाकिटात घातल्या-काढल्याचे ओरखडे. त्यांचा आवाज बहुधा येत नाही किंवा किंचित येतो. एखादा चरा कुठल्याही कोनातून पांढरा दिसत राहिला, तर तो खोल आहे. नखाची कड त्यावरून अगदी हलकेच नेली आणि ती अडली, तर सुईसुद्धा तिथे अडेल. खाचांच्या दिशेने जाणारा चरा आडव्या चऱ्यापेक्षा वाईट. आडवा चरा ‘टक्’ करून जातो, पण खाचेच्या दिशेचा चरा सुईला एकाच ओळीत अडकवून ठेवतो, आणि मग नायिका तोच एक शब्द जन्मभर म्हणत राहते.

मग रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि कड बघा. थोडी लाट चालते, पण बशीसारखी वाकलेली घेऊ नका. लेबलावरच्या भोकाभोवती कोळिष्टकासारख्या बारीक रेघा दिसतील. प्लेअरची मधली खुंटी चाचपडत रेकॉर्ड बसवताना त्या पडतात. जितक्या रेघा जास्त, तितकी ती जास्त वाजलेली. खाचा काळ्याभोर चमकण्याऐवजी राखाडी दिसत असतील, तर जड सुईने त्या घासल्या गेल्यात, कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

पार्श्वसंगीताच्या बाबतीत आणखी कडक राहा. गाण्यात ढोलक, आवाज, सगळं भरलेलं असतं, त्यात थोडी खरखर खपून जाते. एकट्या बासरीच्या हळुवार तुकड्यात तीच खरखर डोक्यात जाते.

शेवटी कव्हर नाकाशी न्या. कुबट वास आला, तर ओल लागलेली आहे. रेकॉर्डवरची बुरशी धुता येते, कव्हरमधली जात नाही, आणि कपाटातल्या इतर कव्हरांना लागते. आणि हो, आत त्याच सिनेमाची रेकॉर्ड आहे ना? लेबल वाचा. दोन रेकॉर्डांचा संच असेल तर दोन्ही काढून बघा.

चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘व्हीजी’, ‘एनएम’ वगैरे लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

‘गोल्डमाईन’ या अमेरिकी मासिकामुळे रूढ झालेली ही प्रतवारी. वरून खाली: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, पुअर. गंमत अशी की ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, चांगलीच वाजवून झालेली. ऐकण्यासाठी ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली शक्यतो उतरू नका. एरवी कधीच न दिसणारी रेकॉर्ड असेल तर ‘व्हेरी गुड’ चालेल. आणि चिठ्ठी काहीही म्हणो, रेकॉर्ड बाहेर काढूनच बघा. प्रतवारी लावणाऱ्याच्या डोळ्यांवर त्या दिवशीचा मूड असतो.

सीडीत तपासायचं काय? ती एक तर वाजते किंवा वाजत नाही.

वाजण्याआधी बघायच्या गोष्टी आहेत. चमकती बाजू प्रकाशात धरा. कारखान्यात छापलेली सीडी रुपेरी असते. हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक असेल, तर ती कॉम्प्युटरवर भरलेली सीडी-आर आहे, कव्हरची छपाई कितीही सुबक असो. दुर्मीळ पार्श्वसंगीताच्या नावाखाली अशा बऱ्याच फिरतात. मात्र खुद्द संगीतकारांनी किंवा स्टुडिओंनी पुरस्कारांच्या मोसमात मतदारांना पाठवलेल्या प्रतीही कधी कधी सीडी-आर असतात. त्यांच्यावर ‘फॉर युअर कन्सिडरेशन’ असं लिहिलेलं असतं. एवढ्यावरून अस्सल-नक्कल ठरत नाही, म्हणून अशा प्रतीला जास्त पैसे देऊ नका.

मग मधल्या भोकाभोवतीची पारदर्शक कडा बघा. १९९४ पासून तिथे ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या जागतिक संघटनेचं लघुरूप) आणि पुढे काही अक्षरं-आकडे इतक्या बारीक ठशांत येऊ लागले की भिंगच लागावं. साल १९८७ छापलेल्या सीडीवर हे ठसे असतील, तर ती नंतर पुन्हा छापलेली आहे. त्याच वर्तुळात ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असं दिसलं, तर रंग दोनदा बघा. साधारण १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या त्या कारखान्यातून निघालेल्या काही सीडींवरचा लाखेचा थर कव्हरच्या कागदातल्या गंधकासमोर टिकला नाही. धातू काळवंडून कडेपासून आत तांबूस-सोनेरी छटा चढत जाते. आज वाजली तरी पुढे वाजेलच असं नाही. लहान कंपन्यांच्या सिनेसंगीताच्या काही सीडीही तेव्हा तिथे छापल्या जायच्या, म्हणून आपल्याला हे माहीत हवं.

कव्हरचा कोपरा कापलेला आहे किंवा भोक पाडलेलं आहे. खराब आहे का?

नाही. न खपलेला साठा स्वस्तात काढून टाकताना कंपन्या अशी खूण करायच्या. आतली रेकॉर्ड बहुतेकदा न वाजवलेली असते. मी तर असा कोपरा दिसला की खूश होतो.

पहिली आवृत्तीच घ्यावी असं म्हणतात. ती ओळखायची कशी?

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलाच्या बाहेर जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर कोरलेले आकडे आणि अक्षरं असतात. ते डिस्कॉग्ज या रेकॉर्डांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की आवृत्ती कळते. पण ऐकणाऱ्याने पहिल्या आवृत्तीचा ध्यास घ्यावा असं मला वाटत नाही. मूळ फितीवरून काळजीने केलेली नंतरची आवृत्ती पुष्कळदा जास्त शांत वाजते. तसंच ‘१८० ग्रॅम’च्या स्टिकरचं. जाड रेकॉर्ड हातात भारदस्त लागते आणि कमी वाकते. आवाज चांगला की वाईट हे आधी फितीवरून कसं उतरवून घेतलं त्यावर ठरतं. स्टिकरवर ग्रॅम ठळक असतात आणि मूळ फीत कुठली याचा उल्लेखच नसतो, तेव्हा मी तरी हात आखडता घेतो.

दुकानात उभं राहून फोनवर भाव बघणं बरं दिसतं का?

बघा, पण प्रत्येक रेकॉर्डचा नको. हातात महागडं काही असेल, तर बाजूला होऊन एकदा बघा. बघताना विक्रीला लावलेल्या किमती धरू नका. आधी प्रत्यक्ष किती रुपयांना किंवा डॉलरला विकली गेली तो इतिहास बघा. मागणारा काहीही मागतो. आणि दुकानदाराच्या तोंडासमोर फोन नाचवून ‘इथे स्वस्त आहे’ म्हणू नका. तो म्हणेल, मग तिथेच घ्या, आणि बरोबरच म्हणेल.

घासाघीस करावी का?

एका रेकॉर्डवर नको. दोघांची मिळून आठ-दहा झाली, की एकत्र काउंटरवर ठेवा आणि ‘सगळ्यांचं मिळून काय करताय?’ एवढंच विचारा. हिशेब नंतर आपसात करा. खर्चाचा आकडा दोघांनीही निघण्याआधी एकमेकांना सांगून ठेवावा, आणि तो ओलांडताना मित्राने हटकलं तर त्याचं ऐकावं. त्याच्यावर चिडण्याचा हक्क परतीच्या प्रवासात.

दुकानदाराशी काय बोलावं?

कोणता सिनेमा शोधताय यापेक्षा कुठला संगीतकार आवडतो ते सांगा. ‘तमुक सिनेमा आहे का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. संगीतकाराचं नाव घेतलं की माणूस खुर्चीवरून उठतो आणि मागच्या खोलीतून काहीतरी काढतो. निघताना पुढच्या वेळी काय हवंय ते एका चिठ्ठीवर लिहून द्या.

इतक्या रेकॉर्ड आणायच्या कशा?

एलपीचं कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचं चौकोनी असतं, त्यामुळे पाठीवरची बहुतेक पिशवी अपुरी पडते. जाण्याआधीच मोजून बघा. कव्हरसकट एका एलपीचं वजन पाव किलोच्या आत-बाहेर, म्हणजे वीस झाल्या की पाच किलो. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा आणि उभ्या ठेवा. आडव्या रचून वर कपड्यांची बॅग टाकली, तर खालच्या वाकतात.

बराच वेळ हादरे बसणार असतील, तर रेकॉर्ड आतल्या पाकिटासकट कव्हरमधून बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा. नाही तर तिची कड आतून धक्के मारत राहते आणि कव्हरची शिवण फाटते. विमानात हातातल्या सामानात घ्या. गाडीने जाणार असाल तर रविवारी दुपारी ‘जरा दोन तास फिरून येऊ’ म्हणून उन्हात उभ्या गाडीत त्या ठेवू नका, डिकीतही नाही. एलपीचं व्हिनाइल प्लॅस्टिक इतक्या उष्णतेत मऊ पडतं आणि परत सरळ होत नाही. कॅसेट मात्र स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब.

७८ च्या तबकड्या घेतल्या असतील, तर त्या लाखेच्या असतात आणि काचेसारख्या फुटतात. दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा घाला आणि तो गठ्ठा पूर्ण प्रवासभर मांडीवर कोण धरणार ते दुकानातच ठरवा.

घरी आल्यावर लगेच वाजवायच्या का?

आधी धुवा. जुन्या रेकॉर्डमधली धूळ सुईच्या टोकाने खाचेत आणखी घट्ट बसते. शुद्ध केलेलं पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या पाण्याने पुन्हा, आणि हवेवर वाळू द्या. आतलं जुनं कागदी पाकीट बदला. जाड प्लॅस्टिकच्या जुन्या पारदर्शक पीव्हीसी पिशवीत रेकॉर्ड आली असेल, तर ती पिशवी त्याच दिवशी टाकून द्या. तिच्यातली रसायनं वर्षानुवर्षांत व्हिनाइलवर धुरकट डाग पाडतात आणि ते निघत नाहीत.

७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि त्या एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाशी घसटत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते. ती बसवेपर्यंत तबकड्या उभ्या, सावलीत, मित्राच्या घरी ठेवल्या तरी चालतील, फक्त कोणाच्या किती त्याची चिठ्ठी आत घाला.